आमच्या भागात महापालिकेचा उघडा जलतरण तलाव खरंच हवा का?

मोकळ्या भूखंडावर तलाव होणार म्हणून मुंबईतल्या तुमच्या सोसायटीत दोन तट पडलेत, आणि ‘एवढा समुद्र आहे की, वर पाण्याची नासाडी कशाला’ असं विरोधकांचं म्हणणं आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी तलावाच्या बाजूने आहे.

आधी समुद्राचं. पोहायला शिकायचं तर पाणी स्थिर हवं, पाय टेकायला तळ हवा. चौपाटीवर दोन्ही मिळत नाही. भरती-ओहोटीने खोली बदलत राहते, परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. आणि पोरं पाण्यात उतरतात ती नेमकी पावसाळ्यात, रविवारी, उधाण असताना. अक्सा आणि जुहूच्या चौपाटीवर पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतोच. तलावात शिकलेल्यानेही जुलैच्या समुद्रात उतरू नये. पण पाण्याची ताकद काय असते हे शिकलेल्याला निदान कळतं. पवई तलावाचं नावच नको, तिथे मगरी आहेत. (२०२३च्या ऑक्टोबरात दादरच्या पालिका तलावातही मगरीचं पिल्लू निघालं होतं म्हणा!)

आमच्या पिढीला पोहणं गावाने शिकवलं. मे महिन्याच्या सुट्टीत पाठीला सुका भोपळा बांधायचा आणि मामाने विहिरीत ढकलायचं, एवढाच कोर्स. मुंबईतल्या बऱ्याच विहिरी मलेरियाच्या भीतीने इंग्रजांच्या काळातच बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. आता मुलं सुट्टीतही क्लासला असतात, आणि गावी गेली तरी विहिरीत ढकलणारा मामा पुण्याला नोकरीला. पोहण्याचं पाणी दिसतं ते टॉवरच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या गच्चीवर, आणि तिथे फक्त तिथल्या रहिवाशांना प्रवेश. समोरच्या एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) इमारतीतल्या पोरांनी ते खिडकीतून बघायचं.

पालिकेचे तलाव आहेत: शिवाजी पार्कजवळ, चेंबूरला, कांदिवलीला, दहिसरला. पण पोहणं ही आठवड्यातून चार दिवस करायची गोष्ट आहे. त्यासाठी लोकल पकडायची म्हटलं की आधी बायका गळतात, मग लहान मुलं, मग गुडघेदुखीवाले आजी-आजोबा, ज्यांना डॉक्टरांनीच पाण्यातला व्यायाम सांगितलेला असतो. उरतात ते स्पर्धेत उतरणारे. म्हणून तलाव चालत जाण्याच्या अंतरावर हवा.

आता नासाडी. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात साधारण चार लाख लिटर पाणी मावतं. ते रोज बदलत नाहीत. गाळून, क्लोरीन घालून तेच फिरवतात. रोज पाच मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर दीड हजार लिटर उडतात, फिल्टर धुवायला जातं ते वेगळं. सात धरणांतून मुंबईला रोज ३८० कोटी लिटरच्या वर पाणी येतं. त्यापुढे हा हिशोब किरकोळ आहे. तरी पाणीकपातीच्या वर्षी लोक बोट दाखवणारच, म्हणून बोअरवेलचं पाणी शुद्ध करून वापरा, असा आग्रह धरा.

उघडाच का? कारण मुंबईत पाणी तापवावं लागत नाही. छप्पर घातलं की क्लोरीनचा उग्र दर्प आत कोंडतो, पंखे-एक्झॉस्ट लागतात, लोखंड गंजतं, खर्च वाढतो. उघड्यावर उन्हाने क्लोरीन लवकर उडतो हे खरं, पण त्यावर रसायन मिळतं. विजा चमकत असतील तेव्हा मात्र सगळ्यांना बाहेर काढावं लागतं.

सूचना-हरकती मागवल्या असतील तर वॉर्ड ऑफिसला लेखी द्या. ऑलिंपिक आकाराचा हट्ट नको, उथळ भाग जास्त हवा. बायकांसाठी वेगळी बॅच आणि महिला प्रशिक्षक हव्यात. वार्षिक मेंबरशिपच्या जोडीला दिवसाचं तिकीट हवं, नाहीतर घरकाम करणाऱ्या बाईचं पोर गेटबाहेरच राहील. आणि फिल्टरेशन प्लांटची देखभाल बांधकामाच्या निविदेतच घाला. आमच्या बाजूचा एक तलाव पंप बिघडला म्हणून अख्खा उन्हाळा बंद होता, आणि दुरुस्ती कुणाकडे आहे हे गेटवरच्या वॉचमनपासून साहेबांपर्यंत कुणालाच सांगता येत नव्हतं.