ताप उतरला, पण पाय गार

प्रश्न : सिस्टर, मी बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पॅथोफिजिऑलॉजीत मला चांगले गुण पडतात, शॉकचे प्रकार आणि लक्षणं सगळं पाठ आहे. पण वॉर्डात इनचार्ज सिस्टरनी 'या पेशंटबद्दल तुला काय वाटतं?' असं विचारलं की माझी वाचाच बसते. निदान करणं तर डॉक्टरांचं काम, मग आम्हांला 'वाटून' काय उपयोग? – एक विद्यार्थिनी, पेडणे

उत्तर : बाय, नोकरीच्या चौथ्या वर्षी मीही तुझ्यासारखीच होते, आणि माझं तेव्हा मोठं चुकलं. तेच सांगते.

पावसाळ्याचे दिवस. वॉर्ड तापाच्या पेशंटांनी भरलेला. डिचोलीकडचा एक तरुण मुलगा, डेंग्यू, पाचवा दिवस. सकाळी ताप उतरला. त्याची आई इतकी खूश की येणाऱ्या-जाणाऱ्याला 'जोर देंवलो', ताप उतरला, म्हणून सांगत होती. दुपारी तिने घरून पेज आणली, पण मुलाने वाटी बाजूला सारली आणि कूस बदलली. 'पोटांत दुखता,' एवढंच म्हणाला. मी बीपी घेतलं : १००/८०. नाडी ११२. चार्टवर लिहिलं, 'ताप नाही, बीपी ठीक', आणि पुढच्या खाटेकडे गेले.

संध्याकाळी सीनियर सिस्टर राउंडला आल्या. त्यांनी चार्ट उघडलाच नाही. चादर वर करून त्याच्या पावलांना हात लावला. पावलं गार होती. नखावर दाबून सोडलं, तर रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त लागले. 'लघवीला कधी गेला होता?' आईला आठवेना. सकाळी, बहुतेक. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'शंभरातून ऐंशी वजा कर.'

वीस! वरच्या आणि खालच्या बीपीतलं अंतर फक्त वीस. 'डेंग्यूत हे अंतर २० किंवा त्याहून कमी झालं तर तो शॉक', म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाही, हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं. तरी समोरच्या खाटेवर ते मला दिसलं नाही, कारण १०० आणि ८० हे दोन्ही आकडे मी सुटे सुटे वाचले आणि दोन्ही मला बरे वाटले.

आता आत काय चाललं होतं ते बघ. डेंग्यूत ताप उतरायच्या सुमारास, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, केशवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, झिरपायला लागतो. रक्तवाहिन्यांतलं पाणी कमी होतं, म्हणून हृदय दर ठोक्याला कमी रक्त ढकलतं आणि वरचं बीपी खाली येतं. शरीर ते सावरायला नाडी वाढवतं आणि रक्तवाहिन्या आवळतं. आवळलेल्या वाहिन्यांमुळे खालचं बीपी टिकतं, कधी चढतंही. हात-पाय, मूत्रपिंडं आणि आतडी यांचा वाटा तोडून मेंदू-हृदयाला रक्त पुरवलं जातं. म्हणून पावलं गार आणि लघवी कमी. बीपी सगळ्यांत शेवटी कोसळतं, कारण शरीर सगळी शक्ती त्यालाच धरून ठेवायला लावतं. यापुढे कुठलाही आकडा 'ठीक' दिसला की एवढं विचार : तो ठीक ठेवायला शरीर कुठे काटकसर करतंय? मग त्या जागी हात लाव.

निदान डॉक्टरांचंच. पण डॉक्टर त्या खाटेपाशी पाच मिनिटं असतात, तू आठ तास. वाटी सारलेली तू बघतेस. फोनवर मात्र 'पेशंट बरा दिसत नाही' म्हणू नकोस. त्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, 'डेंग्यू, पाचवा दिवस, ताप उतरलाय. बीपी १००/८०, नाडी ११२, पावलं गार, सकाळपासून लघवी नाही, पोटात दुखतंय. लगेच या. हिमॅटोक्रिटसाठी रक्त पाठवू?' डॉक्टर धावत आले. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं शेकडा प्रमाण, ४२ वरून ५१ वर गेलेलं : पाणी बाहेर झिरपलं, पेशी मागे राहिल्या, रक्त दाट झालं. सलाइन सुरू झालं, आणि मग दोन रात्री आम्ही त्याची लघवी मोजली आणि श्वासावर नजर ठेवली. कारण झिरपणं थांबलं की बाहेर गेलेलं पाणी परत वाहिन्यांत येतं, आणि तेव्हा तेच सलाइन जास्त होऊन धाप लागू शकते. मुलगा वाचला. तिसऱ्या दिवशी त्याने पेज मागून घेतली.

तुझ्यासाठी एक सवय सुचवते. खिशात छोटी वही ठेव. ड्यूटी सुरू होताना एका पेशंटबद्दल दोन ओळी लिही : हा सुधारत असेल तर चार तासांनी मला काय दिसेल, आणि बिघडत असेल तर सगळ्यांत आधी काय दिसेल. चार तासांनी जाऊन पडताळून बघ. चुकलीस तर का चुकलीस ते त्याच रात्री पुस्तकात शोध, तोंडावळा आठवतोय तोवर. इनचार्ज सिस्टरनी विचारलं तर त्या दोन ओळी वाचून दाखव. त्यांना तेवढंच हवं असतं.

प्रश्न : ऑक्सिमीटर ९८ दाखवत असताना मिनिटभर श्वास मोजायची काय गरज? – एक विद्यार्थी, सत्तरी

उत्तर : अरे, तुझ्या वॉर्डातले चार्ट काढून बघ. बहुतेकांचे श्वास '२०' लिहिलेले सापडतील. वीस माणसं अगदी एकाच गतीने श्वास घेतात, हे मला पटत नाही.

ऑक्सिमीटर हिमोग्लोबिनवर किती ऑक्सिजन आहे ते सांगतो. त्यासाठी माणूस किती झगडतोय, ते सांगत नाही. साखर फार वाढून रक्तात आम्ल साचलेला मधुमेही मिनिटाला ३० खोल श्वास घेतो, कारण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आम्ल कमी करण्याची त्याच्या शरीराची धडपड असते. ऑक्सिमीटर तेव्हाही ९८ दाखवेल. जंतुसंसर्ग रक्तात पसरायला लागला, तरी श्वास बऱ्याचदा बीपीच्या आधी बदलतो.

मोजताना पेशंटला सांगू नकोस, सांगितलं की श्वास बदलतो. नाडी बघितल्यासारखं मनगट धरून छातीकडे बघ, पूर्ण मिनिट. आणि बोटं गार म्हणून यंत्राला आकडाच सापडत नसेल, तर दुसरं बोट शोधण्याआधी बोटं गार का झालीत ते बघ.