‘करणं’ सोबत घेऊन जा

प्रिय मुली,

तुझं पत्र परवा मिळालं. परदेशातल्या त्या परिषदेची सूचना तू जोडली आहेस आणि शेवटी एकच ओळ लिहिली आहेस: ‘मॅडम, नागपूरहून पाठवलेलं तिथे कोण वाचेल?’ दोन दिवस ती ओळ मनात घोळते आहे, कारण तुझ्या वयाची असताना मलाही हेच वाटायचं. म्हणून फोन न करता सविस्तर लिहिते.

देवाणघेवाण या शब्दात देणं आधी येतं आणि घेणं नंतर. आपण मात्र विद्वानांच्या जगात घ्यायच्याच तयारीने उतरतो. नवा सिद्धांत कुठला, कुणाचं नाव सध्या चालतं, कुठली पुस्तकं वाचली म्हणजे आपण मागे पडणार नाही, हेच डोक्यात असतं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी दुसऱ्या राज्यातल्या एका परिषदेत निबंध वाचला. पाश्चात्त्य विचारवंतांची मांडणी मी नीट केली होती, संदर्भ चोख होते. वाचन संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, ‘तुमच्याकडच्या बायका याला काय म्हणतात?’ मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न मी आजवर जपला आहे. आता तो तुझ्याकडे देते, कारण तुझ्या वहीत त्याचं उत्तर आहे आणि तुला त्याची किंमत कळलेली नाही.

मेडिकलच्या वॉर्डांतल्या तुझ्या नोंदी मी पुन्हा वाचल्या. गडचिरोलीहून, बालाघाटहून आलेल्या, पेशंटसोबत व्हरांड्यात सतरंजी टाकून राहणाऱ्या त्या बायका. त्यांच्यातल्या जवळजवळ प्रत्येकीच्या बोलण्यात एक क्रियापद येतं, आणि तू ते निबंधात ‘काळजी’ असं बदलून टाकलं आहेस. त्या ‘काळजी’ म्हणत नाहीत, त्या ‘करणं’ म्हणतात. ‘सासूचं मीच केलं.’ ‘बाळंतिणीचं करायला आई आली.’ ‘त्याचं करणारं कोणी नाही.’ या वाक्यांत काय केलं ते कुठेच नाही. न्हाऊ घातलं, भरवलं, कूस बदलली, मळलेली चादर धुतली, रात्री उठून पाणी दिलं, यातलं काहीच सांगितलेलं नाही. सांगायला बसलं तर ते संपणार नाही, आणि ऐकणाऱ्या बाईला ते सांगावंही लागत नाही. नुसतं ‘तिने केलं’ म्हटलं की सगळं आलं.

आता हे तुझ्या विषयाशेजारी, स्त्रीवादी तत्त्वज्ञानाशेजारी, ठेवून बघ. मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये दाखवलं की नैतिक विचाराची तेव्हाची मोजपट्टी मुलग्यांच्या अभ्यासावरून बनलेली होती, आणि नाती व जबाबदाऱ्या धरून विचार करणारा आवाज त्या मोजपट्टीवर कमी भरत होता. तिथून काळजीच्या नीतिशास्त्राला बळ मिळालं. पुढे जोन ट्रॉन्टो यांनी १९९३ मध्ये काळजीचे चार टप्पे मांडले: गरज लक्षात येणं, जबाबदारी घेणं, प्रत्यक्ष काम करणं आणि ज्याचं केलं त्याचा प्रतिसाद. पहिले दोन टप्पे बहुधा सत्ता असलेल्यांकडे जातात आणि हाताने करायचं ते कमी सत्तेच्या माणसांकडे, असंही त्यांनी म्हटलं. आपली भाषा ही विभागणी रोजच्या बोलण्यात करते. पुण्यातल्या मुलाला आईची काळजी असते, सून आईचं करते. ‘काळजी’ मनात असते, ‘करणं’ अंगावर पडतं. तुझ्या नोंदींत आणखी एक गोष्ट आहे. ‘करून घेणं’ म्हणताना त्या बायकांचा आवाज बदलतो, त्यात संकोच येतो. जन्मभर इतरांचं केलेल्या बाईला स्वतःचं करून घेणं इतकं जड का जातं? हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे, आणि तो विचारायला तू योग्य जागी बसली आहेस.

म्हणून तुझ्या इंग्रजी निबंधात ‘करणं’ हा शब्द तसाच ठेव. त्याचं भाषांतर करून मोकळी होऊ नकोस, दोन परिच्छेद घे आणि तो समजावून सांग. भाषांतराची घाई किती महाग पडते याचं मोठं उदाहरण आपल्याच विषयात आहे. सिमोन द बोव्हुआर यांचं १९४९चं ‘द सेकंड सेक्स’ इंग्रजीत १९५३ मध्ये आलं, ते एका प्राणिशास्त्रज्ञाने केलेल्या भाषांतरात. मूळ मजकुरातला बराच भाग गाळला गेला, त्यात इतिहासातल्या स्त्रियांविषयीचा मजकूरही होता, आणि अस्तित्ववादाच्या संज्ञा ढिसाळ झाल्या. इंग्रजी वाचकांनी काही दशकं त्याच भाषांतरावरून बोव्हुआर यांची तत्त्वज्ञ म्हणून पारख केली. मार्गारेट सायमन्स यांनी १९८३ मध्ये या काटछाटीकडे लक्ष वेधलं, आणि पूर्ण इंग्रजी भाषांतर यायला २००९ उजाडलं. शब्द हलका झाला की तो उच्चारणारी विचारवंतही हलकी ठरते.

दोन्ही बाजूंनी चाललेली देवाणघेवाण आपल्याकडे झालेली आहे. दलित स्त्रिया वेगळं बोलतात, असं गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये मांडलं. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये त्याला उत्तर देताना सँड्रा हार्डिंग आणि इतरांनी घडवलेला भूमिदृष्टीचा विचार, म्हणजे माणूस समाजात जिथे उभा असतो तिथून त्याला जग कसं दिसतं हा विचार, हाती घेतला, तो महाराष्ट्रातल्या जातीच्या इतिहासावर घासून पाहिला आणि दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी मांडली. त्यांनी नुसता सिद्धांत आणून इथे लावला नाही. इथल्या आयुष्यांमुळे सिद्धांताला बदलावं लागलं. आज जगात कुठेही जात आणि लिंगभाव यांवर चर्चा निघाली की हे लेखन वाचलं जातं.

आणि नागपूरचं म्हणशील, तर २० जुलै १९४२ रोजी याच शहरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षपदी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावं, कामगार स्त्रियांना रजा आणि भरपाई मिळावी, असे ठराव तिथे झाले. ते वाचताना मला दर वेळी वाटतं, हे राजकीय तत्त्वज्ञानच आहे, फक्त आपण ते त्या विषयाच्या वर्गात शिकवलं नाही. १९९० मध्ये दि. य. देशपांडे यांनी इथूनच ‘आजचा सुधारक’ हे मासिक काढलं आणि स्त्री-पुरुष संबंधांवरचे वाद सोप्या मराठीत वर्षानुवर्षं चालवले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे तर १८८२ मध्येच ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून गेल्या. ‘नागपूरहून कोण वाचेल’ या ओळीत तू या सगळ्यांना विसरलीस, म्हणून मला ती लागली.

आता कामाचं. ती सूचना मी नीट पाहिली. पाठवू नकोस. व्यवस्थापनापासून योगशास्त्रापर्यंत सगळे विषय एकाच परिषदेत आहेत, सारांश पाठवल्यावर दोन दिवसांत स्वीकृती देणार आहेत, आणि फी आधी भरायची आहे. निबंध कोण तपासणार ते कुठेच दिलेलं नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने अशाच ठिकाणी आईची बांगडी मोडून पैसे भरले. तिथे तिला दहा मिनिटं, एक प्रमाणपत्र आणि रिकाम्या खुर्च्या मिळाल्या. तिचा चेहरा मी विसरलेले नाही.

त्यापेक्षा भारतीय स्त्री-अभ्यास संघटनेच्या राष्ट्रीय परिषदेची वाट बघ. १९८१ मध्ये मुंबईला एसएनडीटी विद्यापीठात पहिली राष्ट्रीय परिषद झाली, त्यातून पुढच्या वर्षी ही संघटना उभी राहिली. तिथे संशोधक आणि कार्यकर्त्या एकाच खोलीत बसतात आणि प्रश्न सोडत नाहीत. त्याआधी वर्ध्याला जाऊन ये, हिंदी विश्वविद्यालयात स्त्री-अध्ययनाचा विभाग आहे, सकाळच्या गाडीने गेलीस तर संध्याकाळी घरी असशील. तुझं मराठी ‘करणं’ हिंदी बोलणाऱ्या मुलींसमोर ठेव. त्यांच्याकडे त्यासाठी ‘सेवा’ येते का, आणि आली तर त्यात धर्म किती आणि घाम किती, हे विचार. निम्मा निबंध तिथेच सुचेल.

वाचायला पैसे नाहीत ही अडचण खरी आहे, पण पूर्वीइतकी नाही. स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश फुकट आहे आणि त्यात स्त्रीवादी तत्त्वज्ञानावर भरपूर नोंदी आहेत. ‘फेमिनिस्ट फिलॉसॉफी क्वार्टर्ली’ २०१५ पासून सगळ्यांना खुलं आहे. शोधगंगेवर आपल्याकडचे प्रबंध मिळतात. ‘हायपेशिया’ या स्त्रीवादी तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकाचे जुने अंक विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळतात का, ते विचारून घे.

एखाद्या विदुषीला पत्र लिहायचं असेल तर ‘मार्गदर्शन करावे’ असं लिहू नकोस. तिचा एक लेख पूर्ण वाच, त्यातली एक जागा धर, तिथे तुझी नोंद का बसत नाही ते दहा ओळींत लिही आणि एकच प्रश्न विचार. उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस, महिन्याने दुसरीला लिही. मी पाठवलेल्या अशा पत्रांतल्या दोघींशी माझा पत्रव्यवहार पंधरा वर्षं चालला.

फेलोशिपचं आत्ताच मनात धर, कारण परदेशी जायचं तर तयारी जवळजवळ वर्षभर आधी सुरू करावी लागते. पीएच.डी. चालू असताना अमेरिकेत सहा ते नऊ महिने राहण्यासाठी फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप आहे. ब्रिटनसाठी राष्ट्रकुलाची स्प्लिट-साइट योजना आहे, त्यात पदवी आपल्याच विद्यापीठाची राहते. देशात भारतीय तत्त्वज्ञान संशोधन परिषद आहे. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी आहे, आणि इतर मागासवर्गीयांसाठीची महाज्योती तर आपल्या नागपुरातच आहे. तुझ्या प्रवर्गाला काय लागू पडतं ते कार्यालयात जाऊन विचार, ऐकीव माहितीवर राहू नकोस. पासपोर्ट काढून ठेव. घरचे ‘आत्ता कशाला’ म्हणतील, तरी काढ.

एक गोष्ट मला या सगळ्याहून महत्त्वाची वाटते. व्हरांड्यातल्या त्या बायकांनी तुला आपलं आयुष्य दिलं. त्यांना परत काय गेलं? तू लिहिलेलं त्यांच्यापैकी एकीला तरी वाचून दाखवलंस का? तिने ‘असं नाही गं म्हटलं मी’ म्हणून अडवलं, तर ती दुरुस्ती कुठल्याही परीक्षकाच्या शेऱ्याइतकीच गंभीरपणे घे. नावं बदलली आहेस हे ठीक, पण गाव, आजार आणि आडनाव एकत्र आलं की माणूस ओळखू येतो, तेही मोड. आणि इंग्रजी निबंध झाला की तोच विषय मराठीत लिही, त्या बायकांच्या मुली वाचू शकतील असा. ते दुय्यम काम समजू नकोस. मराठीत लिहिताना तुला कळेल की इंग्रजीतली कुठली वाक्यं नुसती छान दिसत होती.

रविवारी सकाळी घरी ये. तुझ्या दोन मैत्रिणींनाही आण, ती राज्यशास्त्राची आणि ती मराठीची. महिन्यातून एकदा एकच लेख, त्यावर तीन तास, असं काहीतरी सुरू करू. तुम्ही तिघी मिळून पुढच्या परिषदेसाठी एक गटसत्रही सुचवू शकाल. येताना मेडिकलच्या नोंदींची मूळ वही आण, टाइप केलेली प्रत नको. आणि तुझ्या आईला विचारून ये, आजीचं करत होती त्या चार वर्षांत तिचं कोणी केलं का.

तुझी,
मॅडम