चॅटचे मेसेज साडेपाच तास मागे दिसतात. डेटाबेसमध्ये थेट भारतीय वेळच साठवली तर काय बिघडेल?

नुसतं साठवून काही बिघडत नाही, आपल्याकडे घड्याळं पुढे-मागे होत नाहीत. बिघडतं ते कोडमध्ये तास हाताने मिळवल्यामुळे, आणि तुम्ही तेच करणार अशी मला भीती आहे.

मी पणजीत हॉटेलांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. ब्रिटिश पाहुण्यांचा सीझन ऑक्टोबरात सुरू होतो आणि तिकडची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी रात्री दोनवरून पुन्हा एकवर येतात. आमचे सीनियर म्हणायचे, "लंडन साडेचार तास मागे, तेवढे मिळव आणि मोकळा हो." मी म्हटलं, पाहुण्यांचे मेसेज पाठवणाऱ्या एजन्सीकडून वेळेसोबत ऑफसेटही मागू, म्हणजे ती वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या किती पुढे-मागे आहे तेही. "गिऱ्हाइकाला कामाला लावू नकोस," एवढंच उत्तर मिळालं.

२७ ऑक्टोबर २०१९, ऐन दिवाळी. इकडे नरकासुर जाळून लोक घरी परतत होते, तेव्हा लंडनहून एका कुटुंबाचा मेसेज आला: फ्लाइट रद्द होतेय, गाडी नको. तिथली वेळ १:५०. वीस मिनिटांनी दुसरा: फ्लाइट सुटतेय, गाडी हवीच. पण तोवर घड्याळ मागे गेलं होतं, त्यामुळे त्यावर वेळ पडली १:१०. आमच्या सिस्टिमने दुसरा मेसेज आधी लावला आणि हॉटेलने शेवटचा म्हणून "गाडी नको" वाचला. रात्री लहान पोरांना घेऊन दाभोळी विमानतळावर ऐनवेळी टॅक्सी शोधणं काय असतं, ते गोंयकारांना सांगायला नको. एका वेळेपुढे +०१:०० आणि दुसरीपुढे +००:०० असतं, तर क्रम आपोआप बरोबर लागला असता.

यावर सीनियर म्हणाले, "वर्षातून एक तास, त्यासाठी कोण एवढं करतं?" ज्याला आपलं काम नीट करायचंय, तो करतो.

तर ऑफसेटसकट वेळ घ्या, यूटीसीत साठवा, दाखवताना 'एशिया/कोलकाता' हे टाइमझोनचं पूर्ण नाव वापरून बदला. भारतीय वेळेसाठी 'आयएसटी' हे लघुरूप लिहू नका. पोस्टग्रेस हा डेटाबेस मुळात त्याचा अर्थ इस्रायलची वेळ असा घेतो.

हे सगळं येऊन गेलेल्या मेसेजबद्दल. पुढच्या तारखेचं पिकअप असेल तर स्थानिक वेळ आणि झोनचं नाव दोन्ही ठेवा, कारण सरकारं नियम बदलतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये मॉस्को +४ वरून +३ वर आलं, आणि रशियन पाहुणे आपल्याकडे काही कमी नाहीत.

ऑफसेट नसलेली वेळ आली तर अंदाज बांधू नका, पाठवणाऱ्याकडे मागा. त्या एजन्सीकडे नंतर मागितला, तर त्यांनी एका शब्दाने कुरकुर न करता दिला.