नागला ब्लॉकच्या भ्रमंतीसंबंधी: सामानाच्या यादीआधी पत्रातली तिसरी ओळ पाहा

आपण परवानगीपत्राचा मजकूर जसाच्या तसा इथे दिलात हे फार बरे केलेत, कारण आपली खरी अडचण त्या पत्राच्या तिसऱ्या ओळीत आहे आणि ती अजून आपल्या लक्षात आलेली दिसत नाही. कासारवडवलीच्या आपल्या सोसायटीतील ज्येष्ठ मंडळी आणि मुले मिळून डिसेंबरात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या नागला ब्लॉकमधून खाडीच्या काठापर्यंत चालत जायचे ठरले आहे, पत्र हाती आले आहे, बस ससूनवघरपर्यंत पक्की झाली आहे आणि आता फक्त सोबत काय न्यावे एवढेच आपण विचारले आहे. सोबत काय न्यावे ते पुढे लिहितोच, परंतु आधी ते पत्र पुन्हा एकदा वाचावे. त्यात "नागला बंदर येथील निसर्गभ्रमणास" असे शब्द आहेत, आणि आपली बस जाणार आहे नागला ब्लॉकला.

ठाण्यात राहणाऱ्यांचीही इथे गल्लत होते. नागला बंदर हे घोडबंदर रस्त्याच्या कडेचे, गायमुखच्या परिसरातले, म्हणजे वसई खाडीच्या आपल्या बाजूचे ठिकाण आहे. राष्ट्रीय उद्यानाचा जो तुकडा नागला ब्लॉक म्हणून ओळखला जातो, तो खाडीच्या पलीकडे, उत्तरेला, मुख्य जंगलापासून तुटून राहिलेला आहे, आणि तिथे जायचे तर वर्सोवा पूल ओलांडून अहमदाबाद महामार्गाने ससूनवघर गाठावे लागते. दोन्हींच्या मध्ये अख्खी खाडी आहे. नकाशावर बोट ठेवले की हे कोणालाही दिसते, पण टेबलावर पत्र टंकणाऱ्या माणसासमोर नकाशा नसतो, त्याच्यासमोर आधीच्या कोणत्या तरी पत्राची प्रत असते.

आमच्या गटाला नेमके असेच पत्र मिळाले होते. अर्जात आम्ही नागला ब्लॉक, ससूनवघर बाजू, खाडीकाठापर्यंत असे स्पष्ट लिहिले होते, सोबत हाताने काढलेला नकाशाही जोडला होता, आणि तरीही पत्रात नागला बंदर आले. कार्यालयाचे नाव मी लिहिणार नाही, आणि ते कोणते असावे याचा तर्क कृपया इथे कोणी करू नये. निघायच्या आदल्या आठवड्यात आमच्यातील एका निवृत्त मुख्याध्यापिकांच्या नजरेला ती ओळ पडली, तेव्हा आम्ही पत्र घेऊन परत गेलो आणि एक शब्द बदलून द्यावा अशी विनंती केली. खिडकीवरच्या गृहस्थांनी पत्र दोनदा वाचले आणि सांगितले की नागला ते नागलाच, तिथे कोणी अडवणार नाही. तसे लेखी द्या म्हटल्यावर मात्र त्यांनी शुद्धिपत्रकाचा विषय काढला. शुद्धिपत्रक साहेबांच्या सहीनेच निघते, साहेब दौऱ्यावर आहेत, आणि ते आल्यानंतरही मूळ अर्जाची नस्ती, म्हणजे फाइल, वर गेलेली असल्यामुळे आम्हाला नव्याने अर्ज करावा लागेल, असे त्यांचे म्हणणे पडले. चूक आमच्या अर्जात नाही हे त्यांना मान्य होते, पण म्हणून ती सुधारणे त्यांचे काम आहे, हे मान्य नव्हते.

ठरल्या दिवशी आम्ही त्याच पत्रावर गेलो आणि प्रवेशाच्या ठिकाणी वनरक्षकांनी आम्हाला थांबवले. इथे मला आवर्जून सांगायचे आहे की त्या वनरक्षकांचे काहीही चुकले नाही. त्यांनी पत्र वाचले, हे ठिकाण पलीकडच्या काठावरचे आहे असे शांतपणे सांगितले, आणि आत काही बरेवाईट झाले तर कोणत्या कागदावर तुम्हाला आत घेतले याचे उत्तर मलाच द्यावे लागेल, हेही सांगितले. अशा माणसाशी वाद घालणारे पर्यटक मी पाहिले आहेत आणि मला त्यांची लाज वाटते. एकट्याने कोसभर नियतक्षेत्र सांभाळणाऱ्याने कागदाबाहेर जाऊन मेहेरबानी करावी ही अपेक्षाच अनाठायी आहे. बसची आगाऊ रक्कम मात्र बुडाली.

त्यानंतर नव्या अर्जावर आम्हाला जी तारीख मिळाली ती कोणालाही न विचारता दिलेली होती आणि ती अमावास्येला आली. ज्यांना खाडी ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. बाकीच्यांसाठी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या तारखेलाही हेच लागू होते.

कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे, दुपारच्या आसपास पूर्ण भरती. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच, आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. हा ढोबळ हिशेब आहे, आत खाडीत पाणी समुद्रकिनाऱ्यापेक्षा काहीसे उशिरा चढते, म्हणून छापील भरती-ओहोटीचे कोष्टक अवश्य पाहावे. परंतु गट सकाळी सातला ससूनवघरहून निघाला आणि मुलांच्या चालीने साडेनऊ-दहाला काठावर पोचला, तर पंचमी ते अष्टमीच्या दिवसांत पाणी उतरलेले किंवा उतरत असलेले मिळते आणि चिखल उघडा असतो. अमावास्येला त्याच वेळी उधाणाचे पाणी तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, बुंध्यांशी येऊन भिडते आणि आपण काठावर उभे राहून गढूळ पाणी बघतो. आम्ही तेच बघितले. त्या हंगामात आमचा गट पुन्हा जमला नाही.

उघड्या चिखलात इतके काय आहे, असे विचारणाऱ्यांनी एकदा तिथे स्थिर उभे राहावे. सुरुवातीला काहीच दिसत नाही, कारण आपल्या पावलांच्या आवाजाने सगळे बिळांत गेलेले असते. काही मिनिटांनी एकेका भोकातून छोटे खेकडे बाहेर येतात, त्यांतल्या नरांची एकच नांगी अंगाच्या मानाने अवाढव्य असते आणि ती वरखाली हलवत ते शेजारच्याला आव्हान देतात किंवा मादीला बोलावतात. त्यांच्यामधून निवट्या सरपटतात, पुढच्या परांवर अंग उचलून पुढे ढकलतात आणि मध्येच उडी मारून डबक्यात जातात. मासा पाण्याबाहेर चालतो हे आपल्या सोसायटीतील मुलांना पुस्तकातून सांगण्यापेक्षा इथे दाखवा. तिवराचे पान उलटसुलट करून न्याहाळायला लावा, सकाळी त्यावर मिठाचे बारीक कण असतात, कारण खाऱ्या पाण्यातून आलेले जास्तीचे मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. पान तोडू नये, झाडावरच पाहावे. चिखलात उतरायचे तर नाहीच, कारण तिवरांची श्वसनमुळे पायाखाली तुटतात आणि ठिकठिकाणी चिखल गुडघ्याच्या वर जातो.

आता आपल्या पत्राकडे परत येतो. माझे स्पष्ट मत असे आहे की आपण हे पत्र घेऊन बसमध्ये बसू नये. उद्याच लेखी अर्ज द्यावा, त्यात मूळ पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख लिहावी, मूळ अर्जाची छायांकित प्रत जोडावी आणि केवळ शुद्धिपत्रक मागावे, नवी परवानगी मागू नये, कारण नवा अर्ज म्हटला की आपली तारीख हातातून जाते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. दूरध्वनीवर मिळालेला होकार, "मी त्यांना सांगून ठेवतो" असे आश्वासन आणि कोणाच्या तरी ओळखीचा निरोप, या तिन्हींची किंमत फाटकावर शून्य असते. शुद्धिपत्रकात ठिकाण, प्रवेशाची बाजू, कोठपर्यंत जाण्यास अनुमती आहे, वेळ आणि माणसांची संख्या या गोष्टी असाव्यात. खाडीकाठापर्यंत हे शब्द विशेषकरून मागून घ्यावेत. एकट्या "राष्ट्रीय उद्यान" या शब्दांना काही अर्थ नाही, कारण हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे, त्याचा एक भाग बोरिवलीत, एक येऊरला आणि एक खाडीपलीकडे आहे.

परवानगी मागताना कोणी उपकार करत असल्यासारखे वागू लागले, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम २८ शांतपणे नमूद करावे. प्रवेशाच्या परवान्याच्या कारणांत त्यात वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण आणि पर्यटन ही कारणे नोंदलेली आहेत, आणि अभयारण्यांसाठी लिहिलेले हे कलम, ३५व्या कलमामुळे राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होते. मी वकील नाही आणि वनखात्याशी माझा संबंध नाही. स्थानिक नियम आणि शुल्क बदलत राहतात, तेव्हा ते तिथेच विचारून घ्यावे. कलमे मी भांडणासाठी सांगत नसून अर्जाची भाषा नेमकी व्हावी म्हणून सांगत आहे.

ज्येष्ठांपैकी ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना या वाटेवर आणू नये, असेही मी सुचवेन, मग ते रागावले तरी चालेल. त्यांच्यासाठी ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र कितीतरी सोयीचे आहे. ठाणे खाडीचा तो पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. तिथली बोट भरतीच्या पाण्यावर चालते, म्हणजे आपण नागल्यासाठी ज्या तिथी टाळाल त्यांतल्या काही तिथे उपयोगी पडतील. रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, खरी गर्दी मात्र जानेवारीनंतर होते, डिसेंबरात निराशा होऊ शकते.

बिबट्याबद्दल आपण काहीच विचारले नाही, पण पालक विचारतीलच. उद्यानात बिबटे आहेत, २०१५ च्या कॅमेरा सर्वेक्षणात ३५ वेगवेगळे बिबटे नोंदले गेले होते, आणि दिवसाढवळ्या बोलत चाललेल्या गटाला त्यांतला एकही सहसा दिसत नाही. मुले गटाच्या मध्यभागी ठेवावीत, शेवटी एक प्रौढ माणूस असावा, आणि कोणीही, विशेषतः मुलाने, एकटे झुडपाआड जाऊन बसू नये, कारण बसलेला माणूस लहान जनावरासारखा दिसतो. वाटेवर केसांनी भरलेली वाळकी विष्ठा किंवा खोडावरचे नखांचे ओरखडे दिसले तर ती मुलांसाठी मेजवानीच आहे, हात न लावता पाहू द्यावीत. माझ्या मते बिबट्यापेक्षा चापडा या हिरव्या सापाची काळजी अधिक घ्यावी. तो हाताच्या उंचीवर फांदीला किंवा कारवीच्या झुडपाच्या काडीला बिलगून असतो, तेव्हा उतारावर आधारासाठी न पाहता फांदी पकडायची सवय मुलांना निघण्यापूर्वीच मोडायला लावावी.

कारवीवरून आठवले, आपल्या गटात कोणीतरी फुललेली कारवी पाहण्याचा हट्ट धरला आहे असे आपण लिहिले आहे. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, येऊरच्या बाजूला ती २०१६ मध्ये आणि २०२४ मध्ये पावसाळ्याच्या अखेरीस फुलली, तेव्हा त्यांना २०३२ चे सांगावे. डिसेंबरात कारवीच्या नुसत्या काड्या दिसतील.

सोबत न्यायच्या वस्तूंची लांब यादी देत नाही, ती आपल्याला ठाऊकच असेल. तीनच गोष्टी सांगतो. पावसानंतर गवतात बारीक गोचीड असतात, उघड्या डोळ्यांना ठिपक्याएवढे, म्हणून विजार मोज्यात खोचावी आणि घरी पोचल्यावर कपडे पलंगावर टाकण्याऐवजी सरळ गरम पाण्यात टाकावेत. खाऊ पाठीवरच्या पिशवीत बंद ठेवावा, हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की माकडे ती घेतात आणि मग मुले घाबरतात. पाणी प्रत्येकी दोन लिटर, कारण काठावर चहूकडे पाणी असले तरी ते खारे आहे.

परतीची बस गट परतण्याआधीच ससूनवघरला उभी ठेवावी. वर्सोवा पूल आणि गायमुखचा घाट यांत एकदा अडकलात, तर दुपारचे जेवण संध्याकाळी होईल, आणि त्याचा दोष सगळे संयोजकालाच देतील. शुद्धिपत्रक मिळाले की त्यातली ठिकाणाची ओळ इथे पुन्हा लिहावी, मी पाहून सांगतो.