परड्यातल्या कोंबड्यांची गोडी पोरांना कशी लावावी?

तुम्ही विचारलंय की कोल्हापूरजवळ घरामागे परडं मोकळं आहे, कोंबड्या पाळायची इच्छा आहे, पण १० वर्षांची मुलगी आणि १५ वर्षांचा मुलगा चार दिवस कौतुक करून परत मोबाईलमध्ये डोकं घालतील, तर काय करावं?

माझं ऐकाल तर तयार पिलं आणू नका, अंड्यांपासून सुरुवात करा. विकतच्या पिलांचं कौतुक आठवडाभर टिकतं. २१ दिवस वाट बघून निघालेल्या पिलावर मात्र पोरांचा जीव जडतो.

शेजारीपाजारी कुणाची गावरान कोंबडी खुडूक झाली असेल, म्हणजे अंडी द्यायची थांबून उबवायला बसू बघत असेल, तर ती मागून आणा. वनराज, ग्रामप्रिया असल्या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणून उबवायला गावरानच हवी. अंडी १० ते १२ घ्या आणि ज्या घरी आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा आहे तिथलीच घ्या. ती ७ दिवसांच्या आतली असावीत. धुतलेली किंवा फ्रीजमधली नकोत. प्रत्येक अंड्यावर मुलीला पेन्सिलीने तारीख लिहू द्या. बुट्टीत तळाला चुलीतली राख घाला, म्हणजे पिसवा होत नाहीत, आणि वर भाताचं पिंजर पसरा. कोंबडी रात्रीच अंड्यांवर ठेवा, दिवसा ठेवली तर ती उठून जाते. दिवसातून एकदा ती पंधरा-वीस मिनिटं खाली उतरते, तेव्हा दाणा-पाणी जवळ असलं पाहिजे. ते काम मुलीचं.

सातव्या रात्री दोघांना अंधाऱ्या खोलीत बसवा. पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा लहान भोक पाडायचं, खाली मोबाईलचा टॉर्च लावायचा आणि अंड्याचा रुंद भाग भोकावर टेकवायचा. जिवंत अंड्यात मधे गडद ठिपका आणि त्याच्यापासून चहूकडे फुटलेल्या लाल शिरा दिसतात. नीट बघितलं तर ठिपका हलतो. नुसतं पिवळट, स्वच्छ दिसणारं अंडं फळलेलं नाही, ते काढून टाका. चौदाव्या रात्री परत बघा. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावायचा नाही, आणि पिलू कवच फोडताना अडलं तरी ओढून काढायचं नाही. ओढलं की शिरा तुटून रक्त येतं आणि पिलू मरतं. पोरांना हे आधीच सांगून ठेवा.

एकविसावा दिवस दिवाळीच्या सुट्टीत येईल अशा बेतानं कोंबडी बसवा. जून-जुलैत अजिबात नको. आपल्याकडच्या पावसात खुराड्यातलं तूस ओलं राहतं आणि महिन्याच्या आतबाहेरची पिलं रक्ती हगवणीनं जातात.

पिलं निघाल्यावर पहिले दोन आठवडे आईसकट डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या पालथ्या टोपलीखाली ठेवा, नाहीतर घार आणि कावळा टिपून नेतात. पाण्याची ताटली उथळ हवी, त्यात खडे टाका. खोल भांड्यात पिलं बुडतात. आई नसेल तर पिवळ्या तारेचा जुना बल्ब लावा, एलईडीनं ऊब मिळत नाही. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी मारा आणि ती फूटभर जमिनीत गाडा, कारण मुंगूस खालून उकरून आत शिरतं.

मुलाला नुसतं 'मदत कर' म्हणू नका. त्या वयात मदतीचा कंटाळा येतो, कारभार दिला तर अंगावर घेतात. वही आणि पैसे त्याच्याच हातात द्या. परड्यात चरणाऱ्या मोठ्या कोंबडीला रोज ४०-५० ग्रॅम मका किंवा कणी वरून लागते. १० कोंबड्यांना महिन्याला साधारण १२ ते १५ किलो. गावरान कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते, त्यामुळे नफ्याची मोठी स्वप्नं दाखवू नका. पण घरात खाल्लेलं अंडंही त्याच्याकडून बाजारभावानं विकत घ्या, म्हणजे वहीतला हिशेब खरा राहील.

लसीकरणाचं कामही त्याचंच. मानमोडी (राणीखेत रोग) आली की रात्रीत खुराडं रिकामं होतं, आणि पोरांची हौस तिथंच संपते. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात घालायचा. अडचण अशी की लहानातली लहान कुपीसुद्धा १०० पिलांची असते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीत कुणाकुणाकडे त्या वयाची पिलं आहेत ते त्यानं आधी विचारून यावं, सगळ्यांची वेळ जमवावी आणि कुपी थर्मासमध्ये बर्फात आणावी. पुढच्या लसींच्या तारखा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून वहीत लिहून आणू द्या. कोल्हापुरात सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. पुढं कळप वाढवावासा वाटला तर सुधारित पिलांची चौकशी तिथं करता येते.

कोंबड्यांना हात लावल्यावर साबणानं हात धुणं सक्तीचं. पिलाचा मुका घ्यायचा नाही.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी बोलून घ्या. निघालेल्या पिलांत साधारण निम्मे कोंबडे असणार आणि ते सगळे ठेवता येत नाहीत. दिवाळीतले कोंबडे आखाडापर्यंत चांगले तयार होतात. तेव्हा गावरानला मागणी असते, श्रावण लागला की भाव पडतो. कधी विकायचे हे मुलाला ठरवू द्या. मुलीनं ज्याचं नाव ठेवलंय तो विकायचा नाही, कळपाला एक कोंबडा लागतोच. फक्त पुढच्या खेपेला उबवायची अंडी दुसऱ्या घरची घ्या, भावाबहिणींपासून झालेली पिलं अशक्त निघतात.