वित्त आयोगाच्या बंधित निधीतून गावात सिमेंट रस्ता करता येतो का?

नाही, लातूर असो की बीड, बंधित म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेल्या निधीत रस्ता बसत नाही. तो अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेनुसार वापरता येणाऱ्या निधीतूनच करावा. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या अनुदानात 60 टक्के बंधित, 40 टक्के अबंधित अशी विभागणी आहे. बंधितचा अर्धा भाग स्वच्छतेला (नाली, शोषखड्डा, घनकचरा), अर्धा पिण्याचं पाणी आणि जलपुनर्भरणाला. उन्हाळ्यात बोअर आटणाऱ्या आपल्या गावांनी हा पैसा पुनर्भरणावरच घालावा, असं मनापासून वाटतं. अबंधितमधूनही पगार किंवा आस्थापना खर्च चालत नाही. मात्र काम ग्रामसभेनं मंजूर केलेल्या आराखड्यात आणि ई-ग्रामस्वराज या ग्रामपंचायतींच्या सरकारी पोर्टलवर हवंच. तिथं नोंद नसेल तर सरपंच-ग्रामसेवकांच्या डिजिटल सह्या तयार असूनही बिल अडकतं.