रोयणीतली अळमी: सहजीवन की परस्परोपकार?

प्रश्न असा आहे की वाळवी आणि बुरशीच्या नात्याला मराठीत 'सहजीवन' लिहायचं की 'परस्परोपकार', आणि गोव्यातल्या रोयणीवरच्या (म्हणजे वारुळावरच्या) अळम्यांना, म्हणजे पावसाळ्यात उगवणाऱ्या खाण्याच्या भूछत्रांना, 'मुंग्यांची शेती' म्हटलं तर चालेल का.

सहजीवन हा फार ऐसपैस शब्द आहे. सिम्बायोसिसची, म्हणजे ज्याला आपण सहजीवन म्हणतो त्याची, व्याख्या १८७९ मध्ये आन्तोन द बारी या जर्मन बुरशीतज्ज्ञाने केली तेव्हा दोन वेगळ्या जातींनी एकत्र राहणं एवढंच त्यात होतं, फायदा कोणाचा हा मुद्दाच नव्हता, म्हणजे आंब्यावरचं बांडगूळसुद्धा त्यात बसतं. दोघांचं भलं होत असेल तर ते म्युच्युअलिझम, त्याला परस्परोपकार. वाळवीला हाच शब्द लावा.

फक्त त्यातल्या 'उपकारा'ला भुलू नका, मेहेरबानी कोणीच करत नाही इथे. कामकरी वाळवी लाकूड-पाचोळा खाते, अर्धवट पचलेला माल बीजाणूंसकट विष्ठेतून वारुळात रचते, टर्मिटोमायसिस बुरशी त्यावर वाढून लिग्निन-सेल्युलोज हे लाकडातले पचायला कठीण घटक फोडते आणि मग वाळवी ते सगळं बुरशीसकट फस्त करते! आफ्रिकेत साधारण ३ कोटी वर्षांपूर्वी हे एकदाच सुरू झालं, आणि तेव्हापासून या गटातली एकही वाळवी बुरशी सोडून परत जुन्या वळणावर गेलेली नाही. पावसाळ्यात आपण जी अळमी काढतो ती त्याच बुरशीची, तिचा लांब देठ खाली थेट त्या रचलेल्या थरापर्यंत जातो. बहुतेक जातींत नवीन वारूळ बसवणारी जोडी बुरशी बरोबर नेत नाही, पिल्लं मोठी झाली की बाहेरून बीजाणू गोळा करून आणतात, आणि ते सुटतात पूर्ण उघडलेल्या अळमीतून. बाजारात मागणी मात्र न उघडलेल्या कळ्यांना. म्हणून थोडी अळमी उघडू द्यावी असं माझं तरी मत आहे, असो, विषय शब्दांचा आहे.

'मुंग्यांची शेती' नको. पांढरी मुंगी म्हणत असले तरी वाळवी झुरळांच्या घराण्यातली. बुरशी पिकवणाऱ्या मुंग्या खरोखर आहेत, पण त्या अमेरिका खंडातल्या, त्यांनी हा धंदा स्वतंत्रपणे आणि वाळवीच्या कितीतरी आधी सुरू केला, त्यामुळे वाचणाऱ्याचा घोळ होतो.

आणि 'रोयण' कोकणी म्हणून खोडू नका हो. सातेरी देवीचं रूप म्हणून आपण जिला पूजतो तिला गोव्याच्या मराठी लेखात रोयणच लिहावं, बाहेरच्या वाचकासाठी पहिल्यांदा एकदा 'म्हणजे वारूळ' जोडलं की काम भागतं.